पाण्याचा हिशेब आणि लोकमताचा कौल

लोकशाही राज्यपद्धतीत शासनाचे धोरण लोकमताला धरून असावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु लोकमत म्हणजे नेमके काय, ते कोणत्या प्रश्नावर, कोणापुढे आणि कोणत्या माहितीच्या आधारे व्यक्त झाले, याचा विचार केल्याखेरीज हे तत्त्व प्रत्यक्ष कारभारात फारसे उपयोगी पडत नाही. राज्य जितके मोठे तितका हा विचार अवघड होत जातो. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांहून अधिक होती. तीपैकी सुमारे ४५ टक्के लोक शहरांत राहत होते. कोकणात वर्षाला साधारणतः ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर सह्याद्री ओलांडून पूर्वेला उतरताच माण, खटाव, आटपाडी या तालुक्यांत ५०० मिलिमीटरची सरासरी गाठणेही कठीण जाते. अशा राज्यात पाण्याविषयीचे एकच एक लोकमत असू शकत नाही, हे उघड आहे. तरीही पाण्याविषयी निर्णय मात्र घ्यावेच लागतात. हे निर्णय आणि लोकमत यांची सांगड कोठे बसली व कोठे बसू शकली नाही, हे पाहणे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या तिघांनाही उद्बोधक ठरेल.

मागणीचे मत व मर्यादेचे मत

पाण्यासंबंधी जनतेची मते दोन प्रकारची असतात. धरण व्हावे, कालवा यावा, पाझर तलाव मंजूर व्हावा, टँकर सुरू व्हावा, हे मागणीचे मत होय. ते लवकर तयार होते, गावात त्यावर दुफळी होत नाही आणि ग्रामपंचायतीचा ठरावही बहुधा एकमताने संमत होतो. याउलट कोणी किती खोल विंधण विहीर घ्यावी, कोणते पीक घेऊ नये, पाटाचे पाणी प्रथम कोणाला द्यावे, हे ठरविणारे मत मर्यादेचे होय. ते सहजासहजी तयार होत नाही. कारण मर्यादा नेहमी कोणाच्या तरी शेतावर जाऊन थांबते, आणि ते शेत बहुधा ओळखीच्याच माणसाचे असते.

मागणीचे मत गैर आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात ऐन उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख लोक शासनाच्या दुष्काळी कामांवर होते. त्या अनुभवातूनच बंडिंग, पाझर तलाव आणि लघुपाटबंधाऱ्यांच्या कामांना लोकांचा भक्कम पाठिंबा मिळाला. पुढे १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रादेशिक असमतोलाविषयीचा अहवाल दिला. त्यात राज्याचा एकंदर अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये दाखविला होता आणि त्यात सिंचनाचा वाटा सर्वांत मोठा होता. मराठवाडा आणि विदर्भ यांनी पाण्याच्या कामांचा आग्रह धरला तो अशा आकड्यांच्या बळावर, केवळ भावनेच्या भरात नव्हे.

परंतु मागणी पूर्ण झाली म्हणजे प्रश्न संपतो, असे अनुभव सांगत नाही. पाझर तलाव झाला की त्याच्या खालच्या अंगाला विहिरी वाढतात. विहिरींना पाणी लागले की बारमाही पीक येते. चार-सहा वर्षांत एखादे वर्ष कोरडे गेले की पिण्याच्या पाण्यासाठी पुन्हा टँकरचा ठराव करावा लागतो. ठराव करणारे आणि विहिरी खणणारे हात पुष्कळदा तेच असतात. येथे दोष कोणा एकाचा नसतो. पाणी किती आले आणि किती गेले, हा जमाखर्च गावापुढे कधी मांडलेलाच नसतो, ही त्यातील खरी उणीव होय.

शिवारातील जमाखर्च

हा जमाखर्च मांडण्यास उच्च गणिताची गरज नाही. सातवीच्या विद्यार्थ्याला तो फळ्यावर करून दाखविता येईल. एक हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी पडले. उदाहरणादाखल १,००० हेक्टर शिवाराचे आणि २,००० वस्तीचे एक गाव घेऊ. तेथे ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर शिवारावर ५० लाख घनमीटर पाणी पडले. यातील पुष्कळसे वाहून जाते, पुष्कळसे बाष्परूपाने उडते, काही मातीत ओल म्हणून राहून खरिपाची पिके पोसते. राज्याच्या सुमारे चार पंचमांश भूभागाखाली काळ्या कातळाचे, म्हणजे बेसाल्ट खडकाचे थर आहेत. या खडकात खोल मुरून विहिरींना मिळणारे पाणी पावसाच्या साधारणतः दशांशाच्या आसपास असते. म्हणजे आपल्या या गावाच्या खात्यावर ५ लाख घनमीटर भूजल जमा झाले असे धरू.

आता खर्चाची बाजू. माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरल्यास २,००० लोकांना वर्षभरात सुमारे ४०,००० घनमीटर पाणी लागते. एक हजार जनावरांना प्रत्येकी ५० लिटर धरले तर आणखी १८,००० घनमीटर. माणसे आणि गुरे मिळून ६०,००० घनमीटरांच्या आतच भागते. शिल्लक राहतात ४ लाख ४० हजार. या शिलकीवर प्रवाही पद्धतीने ऊस केला, तर हेक्टरी २० ते २५ हजार घनमीटरच्या हिशेबाने जेमतेम २० हेक्टर भिजतील. हरभऱ्याला याच्या दशांशाच्या आसपास पाणी पुरते. त्यामुळे तेच पाणी २०० हेक्टरांना होईल. वीस हेक्टर म्हणजे चार-पाच खातेदारांची जमीन. दोनशे हेक्टर म्हणजे जवळजवळ सारे गाव.

या उदाहरणातील आकडे गावोगाव बदलतील. खडक बदलेल, उतार बदलेल, ठिबक असेल तर उसाचे प्रमाणही बदलेल. परंतु एक गोष्ट बदलणार नाही. ज्या गावात एप्रिलमध्ये टँकर येतो, त्या गावाची वर्षाची पिण्याची गरज त्याच गावात मुरलेल्या पाण्याच्या बाराव्या हिश्श्याच्या आसपास असते. पिण्याचे पाणी कमी पडते ते पाऊस पडत नाही म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा ते आधीच उपसले गेलेले असते.

येथे उसाच्या शेतकऱ्यावर ठपका ठेवून मोकळे होणे फार सोपे आहे, आणि शहरातील वर्तमानपत्रे वाचली तर तेच सर्वत्र केले जाते असे दिसते. शेतकरी ऊस लावतो, कारण कायद्याने ठरविलेला किमान दर असलेले आणि कारखाना खात्रीने उचलील असे ते जवळजवळ एकमेव पीक त्याच्यापुढे आहे. हरभऱ्याच्या आणि तुरीच्या खरेदीची तितकीच हमी जोवर त्याला वाटत नाही, तोवर मर्यादेचे मत केवळ भाषणांनी तयार होणार नाही. पाण्याचे धोरण आणि बाजारभावाचे धोरण वेगवेगळ्या कार्यालयांत आखले जात असले तरी शेतकऱ्याच्या बांधावर ती दोन्ही एकच असतात.

दोन गावांचे दोन मार्ग

मर्यादेचे मत तयार होऊ शकते याचे पहिले ठळक उदाहरण पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे घडले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. त्याचे नियम मोजके पण धाडसी होते. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचा : माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबास अधिकाधिक अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. उसासारखे पीक नाही. उपसा योजनेच्या खर्चातील पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरावयाचा. जमीन विकली म्हणून पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. पाणी ही शेतजमिनीची शेपटी नव्हे, हा विचार येथे प्रथमच नियमाच्या रूपाने आला. सभेत एरवी मागे बसणाऱ्या भूमिहीनाच्या मताला वजन आले, ते त्याच्या हाती पाण्याचा वाटा आल्यामुळे.

हे नियम राज्यभर सहज पसरले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. ज्यांच्याकडे जमीन अधिक त्यांना हे वाटप मानवणारे नव्हते, आणि उपसा योजनांचा वीज व दुरुस्तीचा खर्च पेलणे अनेक गटांना जड गेले.

दुसरे उदाहरण हिवरे बाजारचे. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हे गाव आदर्श गाव योजनेत आले. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान या पंचसूत्रीने कामाची सुरुवात झाली. पाणलोटाची कामे झाल्यावर गावाने शेतीसाठी विंधण विहिरींना आणि ऊस व केळी यांसारख्या पिकांना बंदी केली. २००४ पासून तेथे पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. पावसाची नोंद, विहिरींची पातळी आणि त्यावरून त्या वर्षी रब्बीत काय पेरावे याचा निर्णय ग्रामसभेत होतो. पाऊस कमी झालेल्या वर्षी पाणी अधिक खाणाऱ्या पिकांना कात्री लागते. सरपंच पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती सर्वांना ठाऊक आहे. या ताळेबंदाची पद्धत मात्र तितकी ठाऊक नाही.

अशा गावांविषयी बोलताना ‘तेथे तसे नेतृत्व होते’ असे म्हणून विषय संपविण्याची प्रथा पडली आहे. नेतृत्वाचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. पण ते नेतृत्व दरवर्षी काय करीत होते, हे पाहिले पाहिजे. ते दरवर्षी तोच हिशेब त्याच लोकांपुढे मांडीत होते. पहिल्या वर्षी शंका घेणारा शेतकरी चौथ्या वर्षी स्वतःच्या विहिरीची पातळी स्वतः मोजू लागला, तर त्याचे मत बदलण्यासाठी निराळ्या प्रचाराची जरुरी राहत नाही.

कायद्याचा हात कोठवर पोहोचतो

मर्यादा घालण्याचे काम कायद्याने करून पाहिलेले नाही असे नाही. १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास निर्बंध घातला. २००९ च्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमाने त्यापुढे जाऊन खोल विहिरींवर नियंत्रण आणले आणि शेती व उद्योगांसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला आळा घालण्याची तरतूद केली. हा अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे त्यासाठी लागणारे तांत्रिक ज्ञान आहे.

तरी विंधण विहिरी थांबलेल्या नाहीत. रात्री रिग येते, सकाळपर्यंत तीनशे फूट भोक पडलेले असते. तक्रार करावी तर ती चुलत्याविरुद्ध किंवा व्याह्याविरुद्ध करावी लागते. तलाठ्याने पंचनामा करावा तर साक्षीला कोणी उभे राहत नाही. एका तहसिलीत शेकडो पाड्या-वस्त्यांवर पहारा ठेवू शकेल इतके मनुष्यबळ शासनाकडे नाही आणि असू नये. गावाचे मत मर्यादेच्या बाजूने असेल तर रिगचा मालक गावात पाऊल टाकण्यापूर्वी दोनदा विचार करतो, आणि मग कायद्याची आठवण करून द्यावी लागते ती क्वचितच. मत तसे नसेल तर अधिनियम राजपत्रातच राहतो.

पाणी साठविण्याच्या कामांबाबतही हाच प्रकार दिसतो. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात हजारो गावांत नालाखोलीकरण, बंधारे आणि शेततळी झाली, तर २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कपसाठी गावेच्या गावे श्रमदानाला उतरली. अशा उत्साहाचे दर्शन राज्याला क्वचितच घडले होते. २०२० मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने मात्र जलयुक्त अभियानाचा भूजल पातळीवर अपेक्षित परिणाम दिसला नाही, असे निरीक्षण नोंदविले. त्यावर वाद झाला. वादात न शिरता एवढे म्हणता येईल, की पाणी अडविण्यासाठी लोक फावडे घेऊन येतात, पण अडविलेले पाणी कसे वापरावे या प्रश्नावर बसलेली सभा त्या फावड्यांइतकी मोठी नसते.

पाटाच्या दोन टोकांवर

गाव सोडून कालव्यावर आले की प्रश्नाचे रूप पालटते. येथे माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. मुखाजवळचा शेतकरी आणि शेपटाकडचा शेतकरी यांच्यामध्ये तीस-चाळीस किलोमीटरचे अंतर असते. नमुना नंबर सातचे अर्ज दोघेही भरतात, शेजपाळी दोघांनाही लागू असते. परंतु आवर्तन सुटल्यावर वरच्याचे शेत तुडुंब भरते आणि खालच्याच्या चारीत पाणी पोहोचेपर्यंत आवर्तन संपते. कालवा सल्लागार समितीत आवाज बहुधा वरच्यांचाच मोठा असतो.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. बंधाऱ्याखालील जमीन फडांत विभागलेली असे, एका फडात सर्वांनी एकाच प्रकारचे पीक घ्यावयाचे आणि पिकांची पाळी फडाफडांतून फिरत राहावयाची, असा शिरस्ता होता. पाटकरी, जागल्या आणि हवालदार हे लाभधारकांचेच नोकर होते. त्यांचे वेतन शेतकरी देत, म्हणून त्यांच्यावर वचकही शेतकऱ्यांचाच असे. आपला फड यंदा कोरडा राहिला तरी पुढील पाळी आपली आहे, ही खात्री त्या व्यवस्थेचा पाया होती.

मोठ्या कालव्यांवर अशी खात्री निर्माण करण्याचा प्रयत्न पाणी वापर संस्थांच्या मार्गाने झाला. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाचे संपूर्ण सिंचन व्यवस्थापन २००३ मध्ये लाभधारकांच्या संस्थांकडे आले. ओझर परिसरात १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या समाज परिवर्तन केंद्राच्या कामाचे ते फळ होते. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी त्यासाठी कष्ट घेतले. पाणी मोजून घ्यावयाचे आणि मोजलेल्या पाण्याचे पैसे भरावयाचे, हे तेथे लोकांनी मान्य केले. २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन करण्यासंबंधीचा अधिनियम झाला आणि या अनुभवाला कायद्याचे रूप मिळाले. राज्यात नोंदलेल्या अनेक संस्था मात्र कागदावरच राहिल्या आहेत. कारण मोजमापाचे साधन नादुरुस्त असेल तर संस्थेच्या सभेत हिशेबाऐवजी आरोप होतात, आणि आरोपांना कंटाळून लोक सभेला येणेच सोडतात.

खोऱ्याची सभा कोठे भरते?

खरी कसोटी लागते ती नदीखोऱ्याच्या पातळीवर. राज्याचे सुमारे निम्मे क्षेत्र गोदावरीच्या खोऱ्यात येते. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाचा पायाभरणी समारंभ १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाला आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. नाथसागर या जलाशयाची एकूण साठवण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर असून मराठवाड्याची शेती, छत्रपती संभाजीनगरसह अनेक शहरांचे पिण्याचे पाणी आणि उद्योग यांची भिस्त त्यावर आहे. परंतु त्याच्या वरच्या अंगाला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा ही धरणे आहेत. पाऊस कमी झाला की वरची धरणे भरतात आणि नाथसागर रिकामा राहतो.

२००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात टंचाईच्या वर्षी खोऱ्यातील सर्वांना समन्यायी पाणी मिळावे अशी तरतूद आहे. ती विधिमंडळात संमत झाली तेव्हा तिच्यावर फारसे वादळ उठले नव्हते. वादळ उठले ते २०१२ च्या दुष्काळानंतर, प्रत्यक्ष पाणी सोडण्याची वेळ आली तेव्हा. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्याआधारे आदेश काढला. त्यानुसार १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयुक्त साठा व खरीप वापर मिळून ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरल्यास वरून पाणी सोडावयाचे, असे सूत्र ठरले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. त्यानंतर २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये पाणी सोडण्यात आले. २०२३ चा आदेश सुमारे ८.६ टीएमसीचा, म्हणजे ८.६ अब्ज घनफुटांचा होता.

प्रत्येक वेळी वरच्या भागात मोर्चे निघाले, रास्ता रोको झाले, न्यायालयात धाव घेतली गेली. खालच्या भागातही तेच झाले. दोन्ही बाजूंचे लोकमत खरे होते, तीव्र होते आणि आपल्यापुरते न्याय्यही होते. द्राक्षबागा वाचविण्याची नाशिकच्या शेतकऱ्याची धडपड खोटी नव्हती, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या नागरिकाची तहानही खोटी नव्हती. लातूर हे मांजरा नदीच्या काठचे शहर, जायकवाडीचे नव्हे. परंतु गाडीतून उतरणारे ते पाणी मराठवाड्यातील प्रत्येक सभेत आजही उल्लेखिले जाते.

उणीव आहे ती या दोन्ही मतांना एकत्र आणणाऱ्या जागेची. गावाला ग्रामसभा आहे, कालव्याला पाणी वापर संस्था आहे, परंतु निफाडचा सरपंच आणि पैठणचा सरपंच यांना एकाच सतरंजीवर बसवील अशी सभा नाही. प्राधिकरण पाण्याचे ठोक दर ठरविताना राज्यभर लोकांची मते मागविते, सुनावण्या घेते, ही चांगली प्रथा पडली आहे. मात्र सुनावणीत लोक प्राधिकरणाशी बोलतात, एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे खोऱ्यातील प्रश्न अखेर न्यायालयात जातो, आणि तेथे एक बाजू जिंकते व दुसरी हरते.

धोरण लोकमताने बदलत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांना दुसरा आणि शेतीला तिसरा प्राधान्यक्रम होता. त्याविरुद्ध शेतकरी संघटना, अभ्यासक आणि लोकप्रतिनिधी यांनी सातत्याने आवाज उठविला आणि २०११ मध्ये शेतीला दुसरे स्थान मिळाले.

शहरांचे मत

शहरी लोकमताचा विचार बहुधा पाणीपट्टीपुरताच केला जातो. मुंबईला पाणी पुरविणारे तानसा, मोडकसागर आणि भातसा हे जलाशय ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. मुंबईत एक दिवस पाणीकपात झाली तर ती बातमी होते, शहापूरच्या पाड्यावरील हंड्यांची रांग तितक्या ठळकपणे छापली जात नाही.

परंतु शहरांनी राज्याच्या दुष्काळी भागासाठी काहीच सोसले नाही असे म्हणणेही अन्यायाचे होईल. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला आणि नोकरदारांच्या पगारातून तो दरमहा कापला जाऊ लागला. १९७७ च्या अधिनियमाने कामाचा हक्क मान्य केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कर कशासाठी कापला जातो, हे तेव्हा शहरातील माणसाला ठाऊक होते, म्हणून त्याने तो फारशी कुरकुर न करता दिला. आज नळाचे पाणी कोणत्या तालुक्यातून येते, हे किती शहरवासीयांना सांगता येईल? शाळांतील परिसर अभ्यासाच्या तासाला हा प्रश्न विचारून पाहण्याजोगा आहे.

ऑक्टोबरच्या पंधरवड्यात

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. यांपैकी पाण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची सभा २ ऑक्टोबरची. पाऊस ओसरलेला असतो, विहिरींची पातळी स्थिर होऊ लागलेली असते आणि रब्बीची मुख्य पेरणी अद्याप व्हावयाची असते. या एकाच सभेत हिशेबाला निर्णयाचे रूप देता येते. मे महिन्यात तोच हिशेब मांडला तर तो फक्त पंचनामा ठरतो.

तीत गटविकास अधिकाऱ्याने पाहावे की पर्जन्यमापकाची नोंद सभेपूर्वी फलकावर लागली आहे. निरीक्षण विहिरींची पातळी भूजल यंत्रणेकडून मागविता येते. शिक्षक विद्यार्थ्यांकडून गावातील दहा-वीस विहिरी मोजून घेऊ शकतात. दोरी, दगड आणि मीटरपट्टी एवढेच साहित्य त्यास पुरते. केंद्र शासनाच्या अटल भूजल योजनेत निवडलेल्या गावांत पाण्याचा ताळेबंद करण्याचा परिपाठ सुरू झाला, परंतु त्यासाठी योजनेच्या यादीत नाव असणे आवश्यक नाही. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची कायद्यातील तरतूदही या वेळी मनापासून पाळावी. एप्रिलमध्ये हंडा घेऊन कोठवर जावे लागते, हे त्या सभेत ऑक्टोबरमध्येच कळते. तिचा ठराव ग्रामसभेत प्रथम वाचला गेला, तर पिण्यासाठी राखावयाचा आकडा आधी ठरतो आणि पिकांची चर्चा उरलेल्या पाण्यावर होते.

२ ऑक्टोबरनंतर बरोबर तेरा दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, जायकवाडीचा साठा मोजला जातो. गोदावरीच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या गावांनी त्या तेरा दिवसांत आपापले ताळेबंद पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे पाठविले, आणि दोन्हीकडचे कागद एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले, तर अशी नोंद खोऱ्यापुरती प्रथमच तयार होईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. टपालाची नोंदवही आणि पाठपुरावा करणारा एक कर्मचारी पुरेसा आहे.